एक मेंढी जास्त

माझ्या भुताला कुणीच घाबरत नव्हतं, आणि सगळ्यात कमी घाबरायची साळूबाई. औरंगपुऱ्यातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात ती झाडूपोछा करायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिला माझी भयकथा वाचून दाखवायचे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या दोन कथा परत पाठवल्या होत्या. तिसरी पाठवा, पण ती शेवटची, असं बजावलं होतं. तिसरीत मी मेलं बादलीभर रक्त ओतलं. तर ही बया फरशी पुसता पुसता म्हणते कशी, एवढं पुसायचं कुणी?

असा संताप आला मला! मग तुम्हीच सांगा म्हटलं, तुम्हाला कशाची भीती वाटली ते.

ती पोछा बादलीत टाकून खाली बसली. तिचं माहेर मेंढपाळाचं. तिन्हीसांजेला मेंढरं कोंडताना तिचे वडील, आप्पा, एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. मोजणी होईस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी घरची रीत. एखादी कमी भरली तर लांडग्यानं नेली म्हणून रडू यायचं. पण एकदा एक जास्त भरली. आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"मधीच त्याचा हात थांबला," साळूबाई म्हणाली. "समद्या ऊन लागल्या, एक गार व्हती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आठवड्यात कथा लिहून काढली. पण माझी खोड जाते थोडीच? शेवटच्या पानावर मी लिहिलं की ती मेंढी म्हणजे विहिरीत बुडालेल्या सुनेचा आत्मा. ऐकून साळूबाईनं सरळ झाडू उचलला.

"ताई, आप्पानं मला कधीच सांगितलं नाय, म्हून मी आजून भिते. तुमी कामून सांगितलं?"

ते पान मी तिच्यादेखत फाडलं. कथा छापून आली.

अंक घेऊन मी चिकलठाण्याला तिच्या घरी गेले. माझ्या नावाशेजारी तिचं नाव भांडून छापून घेतलं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. दहा वर्षं लिहितेय, पण शिकवलंत तुम्ही, एवढं बोलले आणि माझेच डोळे भरून आले. ती लाजून, वाचा की आता, म्हणाली.

भर दुपारी, अंगणात बसून मी वाचली. संपली तशी ती उठली, दारातल्या आपल्या चार शेळ्यांजवळ गेली आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवू लागली.

तिची मोजणी होईस्तोवर मीही तोंड उघडलं नाही.