ब्रेकला पैकीच्या पैकी

दोहात कंपनीची गाडी चालवायची, तर दर दोन वर्षांनी सुरक्षित ड्रायव्हिंगची परीक्षा द्यावी लागते. यंदा परीक्षक म्हणून शेजारी एक पिकल्या केसांचा ऑस्ट्रेलियन बसला. बसण्याआधी त्याने दोन्ही बुटांचे तळ पँटवर घासून पुसले. पेडलवर पाय घसरू नये म्हणून, म्हणाला. फॉर्म्युला रेसमध्ये होता तेव्हाची सवय. आता त्याच्या पायाखाली पेडलच नव्हतं.

अल वक्राच्या रस्त्याला वेग जरा वाढला की गाडीतलं यंत्र टीं टीं करायचं आणि हा डोळे मिटून घ्यायचा.

"रेसिंग का सोडलंत?" मी विचारलं.

"मी नाही सोडलं. एका श्रीमंत बापाने टीमला पैसा पुरवला आणि माझ्या गाडीत त्याचा मुलगा बसला."

सिग्नल बराच लांब होता, तरी मी ब्रेक दाबला. त्याने कागदावर खूण केली.

"जन्मभर मी सगळ्यांत उशिरा ब्रेक मारला. आता लवकर मारणाऱ्यांना पैकीच्या पैकी देतो."

ते सर्टिफिकेट मी ऑफिसच्या टेबलावर लावलंय. बारा वर्षांत टेबल तेच राहिलं, साहेब तेवढे बदलले. आत्ताचा तर मीच शिकवून तयार केलेला.