गुलाबपाणी

काल लेकीच्या बारावीच्या निरोप समारंभाला गेले. दारातल्या मुलीने हातावर गुलाबपाणी शिंपडलं आणि त्या वासासरशी मला शहापूरच्या आमच्या शाळेतलं ज्युनिअर कॉलेज आठवलं.

बारावीत मी विद्यार्थी प्रतिनिधी होते, मुलांनीच निवडलेली. निरोपाचं भाषण मीच लिहिलं होतं आणि मीच करणार होते. तालमीत शेवटचं वाक्य म्हटलं, "आमी ही शाळा कधी इसरणार नाय." डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर सगळे असंच बोलायचे.

तालीम घेणारे सर म्हणाले, "बाहेरचे पाहुणे येणार आहेत गं." त्यांनी माझं भाषण वर्गातल्याच, भातसानगरच्या धरणावरच्या इंजिनिअरच्या मुलीला दिलं आणि माझ्या हातात गुलाबदाणी ठेवली. "तू दारात उभी राहा. तिथे काही बोलावं लागत नाही."

समारंभात माझी वाक्यं तिच्या तोंडून शुद्ध होऊन आली. टाळ्या पडल्या. ओल्या हातांनी मीही वाजवल्या. सरांनी माझी लाज राखली, असंच तेव्हा वाटलं होतं.

आता मी सरांपेक्षा शुद्ध बोलते. पण त्या शाळेचा विषय निघाला की तोंडात तालमीतलीच बोली येते.

आमी इसरलो नाय.