नानांचं सिसिलियन

बुद्धिबळ खेळताना तोंड उघडायला बंदी. मग आत साचलेलं सगळं डाव संपल्यावर चहाच्या गाड्यावर बाहेर पडतं. आमच्या तासगावच्या ग्रुपमधले निम्मे किस्से तर एकट्या नानांचेच!

नाना रिटायर्ड सुभेदार. फौजेत एका साहेबानं त्यांना सिसिलियन बचाव शिकवला. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं, की आपण वजिराकडच्या उंटासमोरचं टाकायचं. दरवर्षी सांगलीच्या स्पर्धेत नाना हेच खेळतात आणि हरतात. मी म्हटलं, "नाना, दुसरं काही शिका की!"

"वरनं हुकूम आल्याबिगर मोर्चा सोडत न्हाई आमी!"

सांगलीत सिसिलियननं एक तरी डाव मारायचाच, ही त्यांची जिद्द.

*

एकदा आमच्या ग्रुपमधल्या भोसले सरांनी नानांशी खेळताना मुद्दाम वजिरासमोरचं प्यादं आधी सरकवलं. म्हणजे सिसिलियनचा प्रश्नच मिटला. नाना भडकले.

"सर, चाल मागं घ्या! राजाचं प्यादं टाका. मला सिसिलियन खेळायचंय!"

सरांनी चाल बदलली. आणि वर डावही सरच जिंकले!

*

आम्ही खेळतो नानांच्या बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये. बेदाणे निवडायच्या मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून चाल झाली की समोरच्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, अशी आमची पद्धत. घड्याळ-बिड्याळ काही नाही.

एकदा सांगलीत नानांसमोरच्या गृहस्थानं थेट पंचांना बोलावलं. "हे सारखे मला हात लावतात!"

"आवं, तुमची पाळी आली, त्येच सांगतोय की!"

या टिचक्यांच्या नादात नाना चाल झाल्यावर घड्याळाचं बटण दाबायलाच विसरले होते. त्यांचीच वेळ संपून डाव गेला.

*

यंदा सांगलीत शेवटच्या फेरीत नानांसमोर शिरवळचा एक इंजिनिअर. सिसिलियन लागलं, आणि कधी नव्हे ते जमलं! इंजिनिअरचा वजीर पडला. पुढच्या चालीला मात. आम्ही मागं उभं राहून बघत होतो. इंजिनिअर मान हलवून डाव सोडणार, एवढ्यात नानांच्या आतल्या खिशात फोन वाजला!

फोन वाजला की डाव गेला, हा नियम. पंचांनी डाव इंजिनिअरला दिला. मला खरंच लय वाईट वाटलं.

नानांनी शांतपणे फोन कानाला लावला. पलीकडून नानांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, खणखणीत आवाज आम्हालाही ऐकू आला, "आवं, जिंकला का न्हाई?"

नानांनी एकदा पटाकडं बघितलं आणि फोन इंजिनिअरच्या हातात दिला.

"घरनं इचारत्यात. तुमीच सांगा."

इंजिनिअर खुर्चीतून उठला.

"काकू, नाना जिंकले. मी हरलोय."