कोपऱ्यातला माणूस दाखवणाऱ्या सुधाताई

सुधाताई रेगे यांची आणि माझी ओळख मांडवीजवळच्या वाचनालयात झाली. वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र पाहून मी मोठ्याने हसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय कळलं?" मी राजकारणावर प्रवचनच झोडलं. ते शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "चित्रातल्या मंत्र्यांच्या पायात चपला आहेत का?" मला सांगता येईना. आपण प्राध्यापक आहोत हे मग मी सांगितलंच नाही.

त्या वाचनालयात ताई दर रविवारी वर्ग घेतात. अग्रलेखाच्या पानावरचं व्यंगचित्र आणि वाचकांची पत्रं, एवढाच अभ्यासक्रम. चित्राखालची ओळ त्या तळहाताने झाकतात. "आधी दिसतंय ते सांगा, कळलंय ते मग." पत्राला विरोध करायचा तर लिहिणाऱ्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं मांडायचं. यामुळे आमची निम्मी भांडणं जागच्या जागी बारगळतात.

माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ताई रोज शहराच्या टोकाला छाणीला माझ्या घरी येऊन मला हे पान वाचून दाखवत. चित्राचं वर्णन करत, अर्थ मात्र सांगत नसत.

ताईंचे धाकटे भाऊ वसंतराव शहरातल्या रस्त्यांच्या कामावर अभियंते होते. एका पावसाळ्यात त्यांच्यावरच चित्र आलं. रस्त्यावरच्या खड्ड्यात खुर्ची टाकून साहेब चहा पिताहेत! वर्तमानपत्राने माफी मागावी, असं पत्र घेऊन ते आमच्या सह्या मागायला वर्गात आले. मांडवीतले कापडवाले जयंतीभाई तर सही करायला पेन काढून गुजरातीत म्हणाले, "बहेन, सही करी दईए ने? भाई तो घरना छे."

सही दिली तर वर्गाला अर्थ उरणार नव्हता, नाकारली तर भाऊ दुरावणार होता. ताईंनी पत्र बाजूला ठेवलं.

"वसंता, बैस. आधी दिसतंय ते सांग."

"खड्डा, खुर्ची, माझं नाक!"

"आणि कोपऱ्यात?"

कोपऱ्यात एक म्हातारा नातीला खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालला होता. वसंतरावांनी तो पाहिलाच नव्हता.

"सख्खी बहीण ना तू?" एवढंच बोलून ते निघून गेले.

त्या भाऊबीजेला ते आले नाहीत. ओवाळणीचं तबक ताईंनी तसंच आवरून ठेवलं. "चुकलं का हो माझं?" असं त्यांनी मला विचारलं. मला फार वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं.

पुढच्या भाऊबीजेला मी ताईंकडे फराळाला बसलो होतो. दारात वसंतराव उभे, हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र. पाटावर बसण्याआधीच त्यांनी ते ताईंपुढे धरलं. चित्राखालची ओळ त्यांच्या तळहाताखाली होती.

"ताई, आज कोपरा आधी पाहिलाय."

ताईंनी निरांजन लावलं.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, प्रकृती धडधाकट राहो, आणि अजून पुष्कळ भाऊबीजांना त्यांच्या दारात वसंतराव वर्तमानपत्र घेऊन उभे असोत.