बारा मैलांच्या आत थांबलेलं जहाज

माझी शेवटची पोस्टिंग एका युद्धनौकेवर, कम्युनिकेशन विभागात होती. रेडिओ ऐकायचा आणि सांगितलं तेवढंच बोलायचं. निवृत्तीनंतर सात रस्ता चौकात सत्कार झाला, तेव्हा फ्लेक्सवर माझ्यामागे रणगाडा छापला होता. समुद्राची आमच्या सोलापूरला तेवढीच ओळख. म्हणून आधी कायदा सांगतो.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैल पाणी त्या देशाचं. परक्या युद्धनौकेला त्यातून सरळ जाता येतं. पण थांबायचं नाही, हेलिकॉप्टर उडवायचं नाही. त्या दिवशी आम्ही ज्या बेटाजवळून जात होतो, त्यावर दोन देशांचा दावा होता. एकाचं गस्ती जहाज आमच्या मागे होतं. त्यांचं म्हणणं, आधी परवानगी मागा. मागितली, की बेट त्यांचं हे आपणच कबूल केल्यासारखं. आम्हाला हुकूम एकच: कळवायचं, मागायचं नाही. आपला देशही परक्या युद्धनौकांकडून पूर्वसूचना मागतो, हा विषय जहाजाच्या ब्रिजवर कुणी काढला नाही.

०७४० ला उलटलेली मासेमारी बोट दिसली. तिच्या पाठीवर तिघं होते आणि खाली हात दाखवून ओरडत होते. चौथा आत अडकला होता. संकटातल्या माणसासाठी थांबायला कायद्याची मुभा आहे.

"स्टॉप इंजिन्स," कॅप्टन म्हणाले. "त्यांना कळव."

कळवलं. उत्तर आलं, "थांबू नका. आधी परवानगी मागा." गस्ती जहाज आमच्या रोखाने वळलं.

"सर, काय सांगू?"

"तेच. परत."

आमचा डायव्हर लीडिंग सीमन सलीम, उजनीकाठचा. रबरी बोटीतून वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला, "त्यास्नी म्हणावं, रेघ कुटं हाय ती दावा की. वलांडत न्हाय."

"सलीम, गप. काम कर," मी म्हणालो.

"व्हय, दादा."

तिघांना त्याने बोटीत घेतलं. मग खाली गेला. दुसऱ्या खेपेला चौथा माणूस वर आला आणि उलटलेली बोट जाळ्यासकट बुडाली. सलीम जाळ्यात होता.

रेडिओ गप्प झाला. थोड्या वेळाने गस्ती जहाजानेही शोधासाठी आपली बोट उतरवली. त्यांनी परवानगी मागितली नाही, आम्ही दिली नाही. ०९१५ ला सलीमचा देह सापडला.

पुढे मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी विचारलं, "ते पानी कुनाचं व्हतं?"

"ठरलं न्हाय अजून, चाचा."

"आन् आतला मानूस?"

"जगला."

ते म्हणाले, "म्हंजे काम पुरं करून आला पोरगा."

मी उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.