उंबऱ्याबाहेर

आमच्या खालच्या खोलीतला भाडेकरू मालवणच्या समुद्रात बुड्या मारून तळाचा नकाशा करतो. जिवंत प्रवाळ सापडेल तिथं लाल पेन्सिल फिरवतो. फिरवताना श्वास रोखून धरतो, अजून पाण्याखालीच असल्यासारखा. कोल्हापुरात परतला की जिन्यातनंच ओरडतो, "काकी, च्या टाका की!"

परवा ओरडला नाही. मयतीवरनं आलेल्या माणसासारखा माझ्या उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पायावर पाणी घाला, काकी."

"कोण गेलं रं?"

"प्रवाळ. पांढरं पडून मेलंय सगळं. लाल रंगाला जागाच न्हाय."

मी तांब्या ओतला. अशा वेळी विचारतात ते सवयीनं तोंडून गेलंच, "वय काय होतं?"

"आपल्या सगळ्यांच्या आधीचं हुतं," तो म्हणाला, आणि ओल्या पायांनी तिथंच उभा राहिला.