तिसरा वजीर

काल लेकीनं प्यादं शेवटच्या घरात सरकवून दुसरा वजीर मागितला आणि मला पापडी गावच्या हॉलमधली ती स्पर्धा आठवली. माझं रेटिंग नुकतंच लागलेलं, समोरचे गृहस्थ नावाजलेले खेळाडू. माझा एकटा राजा उरला तरी ते मात करेनात. शेजारच्या पटावरचा वजीर मागून घेतला, मग आणखी एक.

"अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली ना तू? जाळ्यातली मासळी किती तडफडते, बघूया," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. भोवती जमलेले हसले. दाराशी बाबा उभे होते, म्हणून मी डाव सोडला नाही. राजा एकेक घर हलवत राहिले.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "एवढ्या मोठ्या मानसापुढं टिकलीस, पोरी."

त्यांना खेळ कळत नाही, याचं तेव्हा बरं वाटलं होतं. पण ते हसणं त्यांनीही ऐकलं असणार.